मलम लावण्याआधी कातडी बघा

भाऊ, कुत्रा सारखा पंजे चाटतोय म्हणून लगेच मेडिकलमधून मलम आणू नका. आधी त्याला उजेडात आडवं करा आणि बोटांमधली कातडी उघडून बघा. पांढरे केस तांबूस पडलेत, आंबूस वासही येतोय, तर तिथं बहुतेक यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढलंय. चाटून चाटून ओल राहते आणि ओलीत ते आणखी वाढतं. मग शेपटीच्या मुळाशी केस फाकवा. काळी भुकटी दिसली तर ओल्या कापसावर घ्या. तांबडा डाग पसरला की समजा, ती पिसवांची विष्ठा.

आपल्या जळगाव-धुळ्याकडे घराला लागूनच गोठा असतो. गोचीड भिंतीच्या फटीत दडून बसतात, त्यामुळे एकट्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही. फटी बुजवा, त्याचं गोणपाट उकळत्या पाण्यातून काढा. पण गुरांचं गोचिडाचं औषध अंदाजानं त्याच्या अंगावर ओतू नका, विषबाधा होते. जळकं ऑइल, रॉकेल तर नाहीच नाही. तो ते चाटणारच ना!

दोन-तीन दिवसांत फरक नसेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या, कातडी खरवडून तपासायला सांगा. खरजेचे किडे डोळ्यांना दिसत नाहीत. खाण्याची ॲलर्जी वाटली तर ते सांगतील तोच आहार साधारण 8 आठवडे द्यावा लागतो, मधे बिस्किटाचा तुकडाही नको.

हिरड्या पांढुरक्या, ताप, नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर गोचीडताप असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.