सरकारकडे असलेल्या आपल्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा भारतात कसा आला?

सुरुवात आधारपासून. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ मध्ये आधारविरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे. मग डेटा संरक्षणासाठी नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण समितीचा अहवाल आला, त्यावरचं २०१९ चं विधेयक आलं, ते २०२२ मध्ये मागे घेतलं आणि अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला.

पण खरी मेख कलम १७ मध्ये आहे. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्याच यंत्रणांना या कायद्यातून सूट देऊ शकतं. ज्याच्यापासून संरक्षण हवं म्हणून न्यायालयात धाव घेतली, त्यालाच पळवाट! मला हे अजिबात पटत नाही.

शिवाय याच कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्याचं, वैयक्तिक माहिती नाकारण्याबाबतचं कलम ८(१)(ञ) बदललं. रोजगार हमीचं मस्टर (मजुरांचं हजेरीपत्रक) मागा. त्यात मजुरांची नावं असतात, म्हणजे 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार मिळू शकतो. अशा वेळी अपिलात माहिती अधिकाराच्या कलम ८(२) मधलं जनहिताचं कारण (जनहित मोठं असेल तर माहिती देता येते) आवर्जून लिहा, ते अजून शाबूत आहे.