वाचकांचे प्रश्न : टायर कुठे झिजलाय ते आधी पाहा

पल्सर 150 चा मागचा टायर मधोमध सपाट झालाय, पण कडांची नक्षी नव्यासारखी आहे. हा पावसाळा निघेल का? (चाकण)

कडा पाहू नका. मोटारसायकल बराच वेळ सरळ चालते, त्यामुळे टायर मधेच संपतो. टायरच्या बाजूला ‘टीडब्ल्यूआय’ (TWI, म्हणजे झिजेची खूण) अक्षरं किंवा छोटा बाण असतो. त्याच्या रेषेत मधल्या खाचेच्या तळाशी रबराचा उंचवटा दिसेल. नक्षी झिजून त्या पातळीला आली की टायर संपला. नियमाने दुचाकीला किमान 0.8 मिमी खोली लागते, पण तेवढ्या खाचेतून पावसाचं पाणी पुरेसं बाहेर पडत नाही. मधली खाच दीड-दोन मिमीवर आली असेल, तर जूनच्या आधीच बदला. सपाट टायरची गाडी वळणावर एकसारखी झुकत नाही, सपाट भागाची कड ओलांडताना एकदम कलते.

मधला भाग लवकर झिजण्यामागे सरळ महामार्गासोबत बऱ्याचदा जास्तीची हवाही असते. तुमच्या गाडीला पुढे 25, मागे एकट्यासाठी 28 आणि डबलसीट 32 पीएसआय ठेवा. मोजायची ती सकाळी, टायर थंड असताना. धावून तापलेल्या टायरमध्ये आकडा दोन-चारने वाढतोच. तो पाहून हवा सोडलीत, तर टायर थंड झाल्यावर ती कमी पडते.

पुढचा टायर ठिकठिकाणी खाल्ल्यासारखा झालाय आणि घूं घूं आवाज येतो. गेल्या वर्षी नवा टाकला, तोही तसाच झाला. टायर खराब निघाला का? (रत्नागिरी)

दोन टायर सारखेच झिजले, म्हणजे दोष बहुधा गाडीत आहे. गाडी मेन स्टँडवर लावा आणि कुणाला तरी मागे दाबायला सांगून पुढचं चाक उचला. फोर्कची (चाक धरणाऱ्या पुढच्या दोन नळ्यांची) खालची टोकं धरून पुढे-मागे ओढा. हँडलपाशी खट्ट असं जाणवलं तर कोनसेट (हँडल वळवणारं बेअरिंग) ढिला आहे किंवा गेलाय. मग चाक वर-खाली धरून आडवं हलवा. फोर्क स्थिर राहून चाकच हललं तर बेअरिंग बदला. शेवटी फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ आहे का पाहा. सील गळून तेल कमी झालं की चाक रस्त्यावर उड्या मारतं आणि टायर जागोजागी खातं. हवा कमी असली आणि घाटात पुढचा ब्रेक सतत लागला, तर झीज आणखी वाढते. हे दुरुस्त न करता नवा टायर टाकलात, तर तिसराही तसाच जाईल.

100/90-17 काढून 120/80-17 बसवू का? गाडी भारदस्त दिसते. (सांगली)

दिसते खरी, आमचं मत मात्र ‘नको’ असंच आहे. 100/90 म्हणजे रुंदी 100 मिमी आणि उंची तिच्या 90 टक्के, म्हणजे 90 मिमी. 120/80 ची उंची 96 मिमी भरते, म्हणजे चाकाचा व्यास 12 मिमीने वाढतो. खरी अडचण रिमची आहे. अरुंद रिमवर रुंद टायर चिमटला जातो, त्याचा माथा जास्त गोल होतो आणि पैसे मोजून घेतलेली रुंदी रस्त्याला टेकतच नाही. शिवाय चेन घासण्याची भीती, आणि ॲव्हरेजही घटतं. मूळ मापच घ्या. मापापुढचा आकडा, उदाहरणार्थ 55P, जुन्यापेक्षा कमी नको : 55 म्हणजे 218 किलो भार, P म्हणजे ताशी 150 किमी.

स्पोकच्या रिमवर ट्यूबलेस टायर चालेल का? (परभणी)

आत ट्यूब घालूनच. साध्या स्पोक रिमला निपलच्या (स्पोक आवळायच्या नटाच्या) भोकांतून हवा गळते. ट्यूबही नवीच घाला. जुनी ताणलेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि तिथेच फाटते.

दुकानदार जुना माल देतो हे कसं ओळखायचं? (पणजी)

बाजूवरच्या लंबगोलातले चार आकडे वाचा. 1425 म्हणजे 2025 चा 14 वा आठवडा. सावलीत ठेवलेला वर्षभराचा टायर बिनधास्त घ्या. बोटाने वाकवल्यावर खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसल्या, तर परत करा. बसवताना फिरण्याच्या दिशेचा बाण तपासा. ट्यूबलेस असेल तर वॉल्व्हही बदलून घ्या. नवं रबर गुळगुळीत असतं, म्हणून पहिले 150-200 किमी जोरात ब्रेक मारणं आणि वळणावर फार झुकणं टाळा.