हॉपरमधला दाणा आणि शरीरातला सांगाडा

पत्र: माझं भोसरीला इंजेक्शन मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. मुलगी टीवायबीएस्सीला आहे, केमिस्ट्री घेऊन. तिला शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमर ब्लेंडवर (म्हणजे प्लॅस्टिकच्या मिश्रणांवर), टिश्यू इंजिनिअरिंगसाठी, म्हणजे हाड-कातडीसारखे शरीराचे भाग पुन्हा वाढवण्यासाठी, पीएचडी करायची आहे. मी म्हणतो, मी जन्मभर प्लॅस्टिक वितळवलं, तिनं तरी त्यातून सुटावं आणि एमबीए करावं. पीएचडी होईस्तोवर तिशी उलटेल. काय करावं?

नमस्कार.

तुम्ही तिला ज्यातून सोडवू बघताय, तिचा विषय नेमका तिथूनच सुरू होतो. पीपीच्या दाण्यात चुकून एबीएस हे दुसरं प्लॅस्टिक गेलं की पार्टचे पापुद्रे सुटतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. तिच्यापुढची मुख्य अडचण हीच आहे. पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड, म्हणजे पीएलए, कडक पण ठिसूळ. पॉलिकॅप्रोलॅक्टोन मऊ आणि लवचिक, पण शरीरात विरायला दोन वर्षांहून जास्त घेतं. दोघांचे गुण हवेत म्हणून एकत्र वितळवावेत, तर ती एकजीव होत नाहीत. एकात दुसऱ्याचे थेंब तसेच राहतात. ते थेंब बारीक कसे ठेवायचे, दोघांना सांधायला काय घालायचं, यातच संशोधकांची वर्षं जातात. अशा ब्लेंडचा सच्छिद्र सांगाडा करून त्यावर पेशी वाढवतात. नवं हाड किंवा कातडी उभी राहीपर्यंत तो टिकायला हवा आणि मग बांधकामाची परांची उतरवावी तसा निघून जायला हवा. लवकर गेला तर आतलं कोसळतं. पीएलएमधून सुटणारं लॅक्टिक आम्ल एकाच वेळी फार साठलं तर आजूबाजूला सूज येते.

तो विरघळतो कसा, याचं उत्तरही तुमच्या दाणा सुकवायच्या ड्रायरमध्ये आहे. पीएलएच्या दाण्यात ओलावा ०.०२५ टक्क्याच्या वर असेल तर मशीनच्या बॅरलच्या उष्णतेत पाणी पॉलिमरच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतं. शरीरात तीच क्रिया ३७ अंशांना, सावकाश चालते.

आता पोटापाण्याचं. ‘टिश्यू इंजिनिअर’ अशा पाटीच्या नोकऱ्या आपल्याकडे मोजक्याच आहेत, हे तिलाही स्पष्ट सांगा. पण विरघळणाऱ्या वस्तू रोज वापरात आहेत. ऑपरेशनचे काही टाके पॉलिग्लॅक्टिन ९१० चे असतात : ९० भाग ग्लायकोलाइड, १० भाग लॅक्टाइड, साधारण ५६ ते ७० दिवसांत शोषले जातात. (हा कोपॉलिमर आहे, म्हणजे दोन्ही घटक एकाच साखळीत जोडलेले; ब्लेंड नव्हे. मुलाखतीत हा फरक विचारला जाऊ शकतो.) वापीची मेरिल कंपनी पीएलएच्याच जातीच्या पॉलिमरचा विरघळणारा स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बनवते. अ‍ॅबट कंपनीच्या अशाच स्टेंटला २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली आणि २०१७ मध्ये विक्री थांबली; त्यात रक्ताच्या गुठळ्या होण्याचं प्रमाण धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त निघालं होतं. म्हणजे माल बनवून काम संपत नाही, तो शरीरात कसा वागेल हे तपासणारी माणसं लागतात. वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम लागू झाल्यापासून चाचणी आणि परवान्याच्या कामालाही रसायन समजणारी माणसं लागतात.

म्हणून माझं मत : नावात ‘बायोमेडिकल’ आहे म्हणून कुठल्याही कोर्सला पैसे भरू नका. आधी तिनं पक्की पॉलिमरवाली व्हावं. एमएस्सी प्रवेशाची जॅम ही परीक्षा फेब्रुवारीत असते. ती देऊन केमिस्ट्रीत एमएस्सी, आणि त्यातला प्रोजेक्ट पुण्यात पाषाणच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) मिळतो का ते बघावं. तिथे पॉलिमरचा स्वतंत्र विभाग आहे. पेशींची बाजू शिकायची तर एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहे. इतकं सगळं एकाच शहरात असताना बाहेरगावी जायची घाई कशाला!

वयाचं म्हणाल तर नेट ही परीक्षा काढून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. तुमच्यावर बोजा नाही. सगळं वेळेत झालं तर अठ्ठावीस-एकोणतीसला मोकळी होईल; पीएचडी लांबतेही, ते गृहीत धरा. एमबीए नंतरही करता येतं. उलटं जमत नाही, निदान मी तरी फारसं पाहिलेलं नाही.

एक करा. बाजारातून थोडा पीएलएचा दाणा आणा. एक शॉट न सुकवता मारा, एक नीट सुकवून, आणि दोन्ही पट्ट्या तिला हातानं मोडायला द्या. गुरुवारी नको, मशीन बंद असेल. चालू दिवशी बोलवा, आणि सेटिंग तिलाच करू द्या.