जुन्या कपड्यांची शिवलेली फडकी पाणी शोषत नाहीत आणि धुतल्यावर वाकडी होतात, काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की जुन्या चादरी आणि कुर्ते कापून पुसायची फडकी आणि मॉपचं कापड शिवलं, पण ते पाणी नुसतं इकडून तिकडे ढकलतं आणि दोन धुण्यांत आखडून वाकडं होतं. मला वाटतं तुमचं शिवण बरोबर असेल, कापडाची निवड चुकलीय. मी रत्नागिरीकडची, घरी पायमशीन आहे आणि बऱ्याच वर्षांत पुसायचं कापड विकत आणलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कात्री लावायच्या आधी कापडावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. लगेच पसरून जिरला तर कापड कामाचं, मोत्यासारखा वर बसून राहिला तर त्याचं फडकं करायच्या भानगडीत पडू नका. कॉटन म्हणून घेतलेल्या कितीतरी चादरींत पॉलिस्टर मिसळलेलं असतं आणि पॉलिस्टरचा धागा स्वतः पाणी पीतच नाही. तरी शंका वाटली तर कडेचे चार धागे ओढून चिमट्यात धरा आणि बेसिनवर पेटवा, सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि राख बोटाने सहज चुरते, पॉलिस्टर वितळून टोकाला कडक गोळी होते (ती गार होईपर्यंत हात लावू नका). मिक्स कापड असलं तर राखेत बारीक कडक खडे लागतात. याच कारणासाठी गरम भांडं उतरवायचं फडकं पॉलिस्टरचं कधीच शिवू नका, तापलेल्या पातेल्याला चिकटतं.

सुती असूनही शोषत नसेल तर एकतर कापड नवं आहे आणि त्यात खळ आहे, किंवा धुताना कपडे मऊ करायचं लिक्विड घालताय. त्या लिक्विडचा धाग्यावर थर बसतो. गरम पाणी आणि साध्या पावडरीने दोन-तीनदा धुवून परत थेंब टाकून बघा.

माझ्याकडची सगळ्यात चांगली फडकी आजीच्या सुती लुगड्याची आहेत. वर्षानुवर्षं धुऊन ते इतकं मऊ झालं होतं की ओट्यावर नुसतं ठेवलं तरी पाणी ओढून घ्यायचं. तसाच बाबांचा पंचा. काचेला आणि आरशाला सुती बनियन घ्या, होजिअरीच्या कडेचे धागे सुटत नाहीत म्हणून शिवायचीही गरज नाही. फरशीला झिजलेला टर्किश टॉवेल. बटणं, हूक, जरीचा काठ आधी काढून टाका, जरीने चरे पडतात.

आता वाकडं होण्याबद्दल. विणलेलं सुती कापड कात्रीने कापू नका, कडेला छोटा काप द्या आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडा, ते आपोआप धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं आणि असा सरळ तुकडा धुतल्यावर पिळवटत नाही. दुसरं म्हणजे दोन वेगळ्या जातीची कापडं एकावर एक शिवायची असली तर दोन्ही आधी गरम पाण्यातून काढून वाळवून घ्या, नाहीतर एक आटतं, दुसरं आटत नाही आणि फडक्याची वाटी होते. तुमचं तेच झालं असणार, कारण चादर आणि कुर्ता एकत्र लावलाय म्हणता.

माप मी साधारण 40 बाय 40 सेंमी ठेवते, दोन पदरी. दोनदा घडी घातली की पुसायला एकामागून एक आठ कोऱ्या बाजू मिळतात, एक मळली की उलटायची. कडा आत दुमडून टीप मारायची आणि मग मधून चार-चार बोटांवर सरळ टिपा, गोधडीला धावदोरा घालतो तशा, म्हणजे आतला पदर गोळा होत नाही. टॉवेलला 16 नंबरची सुई आणि टाका मोठा ठेवा. आणि शिवून झालं की बॉबिनखालचा कापूस ब्रशने काढा, टॉवेलचा खूप साठतो.

मॉपचं कापड मात्र जाड करू नका, हे मी कळकळीने सांगतेय. पहिल्यांदा मला वाटलं जितके थर जास्त तितकं पाणी जास्त शोषेल, म्हणून टॉवेलचे चार थर एकत्र शिवले, आणि जुलैत ते पडवीतल्या दोरीवर तीन दिवस ओलं राहिलं, अख्ख्या घरात कुबट वास. सगळी शिवण उसवावी लागली. आता टॉवेलचा एकच थर आणि मागे लुगड्याचं अस्तर, दोन्ही टोकांना मॉपची पट्टी सरकवायला खिसे, खिशाच्या कडेला टीप दुहेरी कारण ताण सगळा तिथेच येतो. पावसात रात्री पंख्याखाली टाकलं तर सकाळपर्यंत वाळतं.

पंख्यासाठी जुना उशीचा अभ्रा घ्या, पात्याच्या रुंदीपेक्षा चार बोटं जास्त ठेवून लांब पिशवी शिवा, पंखा बंद करून ती पात्यावर चढवायची आणि दाबून मागे ओढायची, सगळी धूळ आतच राहते, अंथरुणावर पडत नाही.

ओट्याचं मसोतं आणि फरशीचं पोतेरं दिसायला सारखं झालं की घरात कोणीतरी हमखास अदलाबदल करतं, म्हणून मी पोतेऱ्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे चार टाके घालते. धुवायचंही वेगवेगळं, मसोतं आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात.

तुमच्या चादरीवर थेंब टाकून काय होतं ते लिहा, आणि मॉपच्या पट्टीची लांबी-रुंदी दिलीत तर किती कापड फाडायचं ते सांगते.