मालिकेसाठी चालतं नाटक सोडू का? माझं मत: कागद हातात येईपर्यंत अजिबात नाही

तू लिहिलं आहेस की व्यावसायिक नाटकातली तुझी मोलकरणीची भूमिका जोरात चालली आहे, आता एका दैनंदिन मालिकेत नायकाच्या मावशीचं काम आलंय, आणि प्रॉडक्शनवाले म्हणतात, 'महिन्याचे वीस दिवस मोकळे ठेवा, करार मागाहून करू.' बाकीच्यांनी 'घराघरात पोचशील, घे' असा सल्ला दिलाय. मला राहवलं नाही म्हणून लिहिते. वयाने बरीच मोठी आहे, तेव्हा एकेरीत बोलते, राग मानू नकोस.

ऑडिशन, फोटो, ओळखी यावर काही सांगत नाही, चालत्या नाटकात काम करणाऱ्या बाईला ते ठाऊक असतं. प्रश्न आहे तारखांचा. नाट्यगृहांच्या तारखा काही महिने आधी ठरतात. शिवाजी मंदिर असो की गडकरी, शनिवार-रविवार हेच आपल्या पोटापाण्याचे दिवस. मालिकेचा कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, मात्र आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. नायिकेच्या तारखा सगळे सांभाळतात, कारण तिच्यावाचून एपिसोड होत नाही. मावशीचे संवाद ऐनवेळी शेजारणीला देता येतात, आणि देतातही.

माझ्या वेळी असंच झालं. मीही चालत्या नाटकात होते आणि मालिकेत मावशीचंच काम आलं. ज्या प्रॉडक्शन ऑफिसने मला घेतलं त्याचं नाव इथे घेत नाही. तोंडी ठरलं, तारखा राखल्या. सुरुवातीला काम होतं. मग टीआरपी घसरला. गुरुवारी आकडे येतात आणि शुक्रवारपासून कथेचं तोंड फिरतं, हे तुलाही दिसेल. आमच्याकडे अपहरण आलं, मग कोर्ट आलं. घरात एवढं रडणं चालू असताना गमतीदार मावशीला जागा कुठली? एक दिवस मी सकाळी सातला नऊवारी नेसून, अंबाडा घालून तयार बसले. संध्याकाळी बोलावलं ते हॉलमध्ये पाण्याचं तांब्या-भांडं घेऊन मागे उभं राहायला. संवाद नाही. फोकससुद्धा माझ्यावर नव्हता.

तेही चाललं असतं. पण पुढे नुसतंच थांबवून ठेवलं. फोन केला की कोऑर्डिनेटर म्हणायचा, 'ताई, पुढच्या आठवड्यात तुमचा ट्रॅक (म्हणजे पात्राचा कथाभाग) येतोय, तारखा सोडू नका.' शूटिंग नाही म्हणून पैसे नाहीत, आणि मोकळं करा म्हटलं तर 'चॅनलला विचारतो.' चॅनलकडे विचारलं की 'ते प्रॉडक्शन बघतं.' इकडे नाटकाच्या निर्मात्याने तरी किती प्रयोग अडवून धरायचे? त्यांनी रिप्लेसमेंट घेतली, आणि मी त्यांना अजिबात दोष देत नाही. मी बसवलेली, प्रयोगागणिक घडवलेली भूमिका दुसऱ्या मुलीकडे गेली, ती तिने चांगली केली, आणि परत मागायला मला तोंड नव्हतं. त्या ऑफिसने माझा ट्रॅक बंद झाल्याचं शेवटपर्यंत कळवलं नाही. टीव्हीवर एका पात्राने 'मावशी गावी गेली' म्हटलं, तेव्हा मला समजलं. आजही याचा संताप येतो. एक फोन करायला काय लागतं? ज्यांच्या जिवावर तुम्ही हशा मिळवता त्यांना निदान मोकळं तरी करा.

म्हणून माझा आग्रह: तारखा राखण्याआधी कागदावर दर महिन्याचे किमान दिवस लिहून घे, शूटिंग होवो न होवो, तेवढ्या दिवसांचे पैसे मिळालेच पाहिजेत. वीस मागतात ना, मग वीस नाही तरी दहा-बारा दिवसांची हमी द्या म्हणावं. जाहीर झालेले प्रयोग तारीखवार करारात घाल. 'एक्सक्लुझिव्ह', म्हणजे दुसरीकडे काम करायचं नाही, असं कलम असेल तर नाटक त्यातून वगळलंय हे स्पष्ट लिहून घे, नुसतं 'नाटकाला हरकत नाही हो' चालणार नाही. काम संपवायचं तर किती दिवस आधी कळवायचं, हेही हवं. मी वकील नाही, करार कुणा जाणत्याला दाखव. सिंटाची, म्हणजे सिने-टीव्ही कलाकारांच्या संघटनेची, सभासद नसशील तर हो. तक्रार नेता येते, पण तिथेही पहिला प्रश्न कागदाचाच असतो.

जाता जाता पैशांचं. पेमेंट बहुधा नव्वद दिवसांनी येतं, तेवढे दिवस घर चालेल इतकी सोय हवी. दहा टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापतात, तो सरकारकडे खरोखर भरलाय का हे आयकर खात्याच्या वेबसाइटवर दर तिमाहीला बघ. माझ्या त्याच ऑफिसने कापला होता, भरला नव्हता.

एकदा मावशी केली की कायमची मावशी होईन, अशी भीतीही तू लिहिली आहेस. ती खोटी नाही. उमादेवी 1947 साली 'दर्द'मध्ये गायल्या, ते गाणं गाजलं, पण 1950च्या 'बाबुल'पासून त्या पडद्यावर आल्या आणि टुणटुण झाल्या, ते इतकं की पुढे जाड मुलींना त्या नावाने चिडवायला लागले. एवढ्या गोड गळ्याच्या बाईचं लोकांनी वजनच लक्षात ठेवावं, याचं मला फार वाईट वाटतं. पण शुभा खोटेंकडे बघ. 1955च्या 'सीमा'पासून सुरुवात, मेहमूदबरोबर विनोदी जोडी गाजली, आणि 1981च्या 'एक दूजे के लिए'मध्ये त्याच बाई नायिकेच्या कडक आई म्हणून उभ्या राहिल्या. शिक्का पुसता येतो, मात्र त्याला दुसरं काम करायला मोकळ्या तारखा लागतात. वीस दिवस विकून बसलीस तर वेगळी भूमिका घेऊन कुणी आलं तरी तुला नाहीच म्हणावं लागेल.

आणि नाटक सोडू नकोस म्हणते त्याचं मुख्य कारण पैसे नाहीच. माझ्या त्या नाटकात एक जागा होती. मी चहाचा ट्रे घेऊन येते, पडद्यामागे लपलेल्या साहेबांचे बूट खालून दिसतात, मी काही न बोलता कप मोजते, आत जाते, एक कप वाढवून आणते. दुपारच्या प्रयोगाला मी कप मोजायला लागले की हशा यायचा, रात्रीच्या प्रयोगाला जादा कप ठेवल्यावर. दोन्हीकडे पुढच्या वाक्याची जागा वेगळी. हशा चढतो, टिकतो, उतरायला लागतो, आणि पूर्ण विरायच्या आत वाक्य टाकायचं. हे प्रेक्षक शिकवतो, दुसरं कुणी नाही. मालिकेत तीच जागा केली तर कॅमेरा आधीच बुटांवर जातो, मग कपांवर, मागून 'टुईंग' वाजतं आणि दिग्दर्शक म्हणतो, 'ताई, थोडं मोठं करा.' मोठं करायची सवय लागली की नाटकात परत लहान करायला फार कष्ट पडतात. मालिकेत उत्तम विनोद करणाऱ्या बायका आहेत, मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण त्यातल्या बऱ्याच जणी रंगमंचावर तयार झाल्यात.

तेव्हा मालिका जरूर घे, पण नाटकासकट. आजच कोऑर्डिनेटरला मेसेज कर, फोन नको, लिहिलेलं राहतं: 'अमुक तारखांना प्रयोग आहेत, त्या सोडून तारखा देईन, किमान दिवसांच्या हमीचा करार पाठवा, सही झाल्यावर तारखा राखते.' आणि त्याच्याही आधी तुझ्या नाटकाच्या निर्मात्यांना जाऊन सांग की अशी विचारणा आली आहे. या क्षेत्रात बातमी संध्याकाळपर्यंत पोचते, ती त्यांना तुझ्याकडून कळू दे.