डोंगर खिडकीतून बघायला हवा, की पायाखाली?

ताई,
मी एकेचाळीस वर्षांची. नवरा, मी आणि चौदा वर्षांची मुलगी. मोठ्या शहरात राहतो, माझे रोजचे तीन तास जाण्यायेण्यात जातात. गेल्या सुट्टीत एका लहान शहरात आठवडाभर राहिलो. तीन बाजूंनी डोंगर, शेजारी तलाव, वीस मिनिटं चाललं की जंगल. तिथून आल्यापासून माझं इथे मनच लागत नाही. मी नोकरी घरून करायला ऑफिस तयार आहे, नवऱ्यालाही तिथल्या शाखेत बदली मिळू शकते. पण तो म्हणतो, ‘तुला शहर नाही, सुट्टी आवडलीय.’ यावरून रोज वाद होतात. मी जबाबदाऱ्यांपासून पळतेय का?
– घुसमटलेली

तुमच्या नवऱ्याचं वाक्य तुम्हाला झोंबलं, कारण ते अर्धं खरं आहे. आधी त्या अर्ध्याबद्दल बोलू.

१९९८ साली डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन या संशोधकांनी अमेरिकेतल्या सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले. काही जण छान हवेच्या दक्षिण कॅलिफोर्नियातले होते, काही कडक हिवाळ्याच्या मिडवेस्टमधले. स्वतःच्या आयुष्याबद्दलचं समाधान दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. पण ‘तुमच्यासारखाच कुणी तिकडे राहत असेल तर तो किती सुखी असेल?’ असं विचारल्यावर दोन्हीकडच्यांनी कॅलिफोर्नियालाच झुकतं माप दिलं. लांबून बघताना हवा आणि देखावा एवढंच डोळ्यांत भरतं. तिथे राहणारा माणूस मात्र दिवसभर हवेत आणि देखाव्यात नसतो. तो कामात असतो, मुलांच्या परीक्षेत असतो, गळणाऱ्या नळात असतो.

आता नवऱ्याला न दिसलेली बाजू. देखाव्याची सवय होते, पण रोजच्या लांब प्रवासाची तेवढी सहज होत नाही. अलॉइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतली माहिती तपासली, तेव्हा प्रवास जितका लांब तितकं आयुष्याबद्दलचं समाधान कमी, असंच दिसलं. बरा पगार किंवा मोठं घर त्याची पुरती भरपाई करत नव्हतं. तेव्हा रोजच्या तीन तासांपासून पळावंसं वाटलं तर पळा की! त्यात कसली आली बेजबाबदारी?

लहान शहराची खरी गोडी कुठे आहे, तेही सांगते. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरचा एक अभ्यास २०१९ साली आला. आठवड्यातून किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक, अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा, आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. ते दोन तास सलग घालवले की तुकड्यातुकड्यांत, याने फरक पडत नव्हता. निरोगी माणूसच जास्त बाहेर पडतो असंही असू शकतं, म्हणून हे औषधाच्या गोळीसारखं घेऊ नका. पण ‘तुकड्यातुकड्यांत’ हे लक्षात ठेवा. मोठ्या शहरात डोंगर गाठायचा तर रविवार राखून ठेवावा लागतो, गाडी काढावी लागते, तिघांचा मूड जुळावा लागतो. तिथे मंगळवारी संध्याकाळी, भाजी गॅसवर चढवायच्या आधी, अर्धा तास सहज जाऊन येता येतं. मात्र तुम्ही खरंच उठून जाणार असाल तर! रोज लॅपटॉपसमोर बसून खिडकीतूनच डोंगर बघणार असाल, तर नवऱ्याचं म्हणणं खरं ठरायला वर्षही लागायचं नाही.

तुम्ही पाहुण्या म्हणून गेलात, त्यामुळे काही गोष्टी दिसल्या नसतील. डोंगरांनी वेढलेल्या जागी हिवाळ्यात थंड हवा खाली बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं आणि सगळा धूर आत कोंडतो. म्हणजे ज्या डोंगरांवर तुम्ही भाळलात, तेच कधीकधी श्वास अडवतात. बाहेर पडायचे रस्ते मोजकेच असतील, तर एखादी दरड सगळं ठप्प करते. आणि लहान जागी माणूस अनोळखी राहत नाही. आजारपणात दार वाजवणारे शेजारी आणि तुमचं भांडण कुणाला तरी सांगणारे शेजारी हे तेच असतात. काहींना ती ऊब वाटते, काहींना जाच. घरात कुणाला नियमित तज्ज्ञ डॉक्टर लागत असेल, तर बाकी काही बोलायच्या आधी तेवढं तपासा.

तुमचं पत्र मी इथे कापून दिलं आहे. मूळ पत्रात तलावावर अख्खं पान आहे आणि मुलीवर एकच वाक्य. चौदाव्या वर्षी मैत्रिणी तुटणं ही फार मोठी गोष्ट असते. तलाव दाखवून तिची समजूत निघणार नाही. कदाचित सायकलवर कुठेही एकटीने जाता येईल, याचं तिला अप्रूप वाटेल, कदाचित नाही. तिलाच विचारा, आणि नकार मिळाला तरी ऐकायची तयारी ठेवा. नवऱ्यालाही एकदा ‘तू कशाला मुकशील?’ असं विचारा. लहान शहरात त्याच्या कामाच्या जागा मोजक्या असतात. ही बदली पुढे फिसकटली तर दुसरी नोकरी शेजारच्या इमारतीत मिळणार नाही. ही भीती बोलून दाखवण्यापेक्षा सुट्टीवरून टोमणा मारणं त्याला सोपं जात असेल.

आता माझं स्पष्ट मत. तुम्ही दोन प्रश्न एकत्र बांधले आहेत. ऑफिस घरून काम करू देत असेल, तर तुमचे तीन तास इथल्या इथेच सुटतात! त्यासाठी डोंगर लागत नाही. आधी तेवढंच करा, निदान दोन महिने. घुसमट गेली तर ती प्रवासाची होती.

नाही गेली, तर तिघंही पुन्हा त्या शहरात जा, पण सगळ्यात वाईट ऋतूत. तलावापासून लांबचं साधं घर भाड्याने घ्या, कामाचे तास पूर्ण भरा, दवाखाना आणि शाळा बघून या. ऋतू कुठला, हे नवऱ्याला ठरवू द्या. त्याने मुद्दाम सगळ्यात भिकार महिना निवडला तर वाद घालू नका, तोच हवाय. त्यानंतरही जायचं ठरलं, तरी पहिलं वर्षभर इथलं घर विकू नका, भाड्याने द्या.