पुलपीट, पेटी आणि शिट्टी मारणारा माईक

चर्चमध्ये पाळकसाहेब पुलपीटावरून (उपदेशाच्या मंचावरून) उतरून मंडळीत आले की माईक शिट्टी मारतो. नवा मिक्सर (सगळ्या माईकचे आवाज कमी-जास्त करून एकत्र करणारं यंत्र) घ्यावा का? (अहिल्यानगर)

पैसे ठेवा. माईक स्पीकरच्या पुढ्यात आला की स्पीकरचा आवाज माईकमध्ये आणि तोच पुन्हा स्पीकरमध्ये, असा फेरा सुरू होतो. दोन्ही स्पीकर पहिल्या बाकाच्या रेषेपर्यंत पुढे आणा आणि पाळकसाहेबांना त्यांच्या मागेच फिरायची विनंती करा. माईक तोंडापासून फुटभर दूर असेल तर अर्ध्या फुटावर धरायला सांगा. आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो, तोही फुकटात. उपदेश चालू असताना गाणाऱ्यांचे माईक बंद हवेत. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी तीन डेसिबल आधीच सुरू होते. मिक्सरवर बसलेला मुलगा तेव्हा मोबाइलमध्ये असतो, हा माझा अनुभव.

भजनाला पेटी-तबला आहे, पण कीबोर्ड आणि गिटार आल्यापासून दोन्ही ऐकूच येत नाहीत. (पुणे)

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. सगळे पेटीचा माईक वाढवतात, मग तीही शिट्टी मारते. आधी इतरांना कमी करा. गिटारचा ॲम्प (आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) जमिनीवर असतो, त्याचं तोंड वादकाच्या पोटरीकडे. त्याला कमी ऐकू येतं म्हणून तो वाढवत जातो. ॲम्प खुर्चीवर, कानाकडे तिरका ठेवा, तो आपणहून कमी करेल. कीबोर्डवाल्याला डावा हात आवरायला सांगा, कारण डग्ग्याचा घुमार त्याच खर्जात असतो. थोडा रुसेल, चालेल.

मग पेटीला एक माईक, पट्ट्यांच्या वर फुटभर. भात्याच्या बाजूने नको, हवेची फसफस येते. तबल्याला एकच माईक असेल तर वीतभर उंचीवर, दायाँकडे (उजव्या हाताच्या तबल्याकडे) झुकता. मिक्सरवर गाणाऱ्यांच्या चॅनलवर लो-कट (खर्जाचा आवाज कापणारं बटण) दाबा, डग्ग्याच्या नको.

जुनं, उंच छताचं चर्च. मागच्या बाकांसाठी दोन स्पीकर लावले, तर मिस्सात (कॅथलिक उपासनेत) शब्द दुहेरी ऐकू येतात. (वसई)

आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. मागचे स्पीकर पुढच्यांपासून २० मीटरवर असतील, तर पुढचा आवाज तिथे ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. मागच्या स्पीकरना डिले लावा, म्हणजे त्यांचा आवाज मुद्दाम उशिरा सोडा: ५८ अधिक दहा-बारा, म्हणजे सुमारे ७०. मग आवाज वेदीकडूनच आल्यासारखा वाटतो. घुमणं मात्र डिलेने जाणार नाही. स्पीकर छताकडे नाही, माणसांकडे झुकवा आणि फादरना सावकाश बोलू द्या.

गिटार जोडली की घूंऽऽ आवाज येतो, तारेला हात लावून माईकला ओठ टेकले की झटका बसतो.

झटका बसतोय तोवर वाजवणं बंद. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासा. घूं जावा म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढू नका, जीव जाईल. अर्थिंग नीट झाल्यावर ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या. तरी घूं उरलाच तर गिटार आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) लावा, त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं (सिग्नलच्या वायरचं ग्राउंड तोडणारं) बटण दाबा. लांब वायर मग बॉक्सपासून पुढे एक्सएलआरची (माईकला असते तशी तीन पिनांची).